बर्निंग मॅनला पहिल्यांदा जायचंय? आधी कॅम्प शोधा, मग बाकीचं

जुलै उजाडला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, अगं यावर्षी बर्निंग मॅनला जायचं म्हणतोय, काय काय न्यायचं सांग. मग मी पाणी, गॉगल, सायकल असं सांगत बसते आणि फोन ठेवल्यावर वाटतं की मुख्य गोष्ट राहूनच गेली. म्हणून एकदा सगळं नीट क्रमाने लिहून काढतेय, बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या) मराठी मंडळींसाठी आणि भारतातून यायचा विचार करणाऱ्यांसाठीसुद्धा.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८६ साली लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर लाकडाचा एक पुतळा जाळला, तिथून ही सुरुवात. १९९० पासून हे सगळं नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात होतं. ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, संपतं. ७० हजारांच्या आसपास माणसं येतात, आठवडाभरासाठी एक अख्खं शहर उभं राहतं, त्याचं नाव ब्लॅक रॉक सिटी, आणि नंतर ते पूर्ण पुसून टाकलं जातं. वाळवंटात ठिकठिकाणी प्रचंड कलाकृती असतात, शनिवारी रात्री मधोमध उभा केलेला पुतळा, म्हणजे 'मॅन', जाळतात आणि रविवारी रात्री टेंपल, गेलेल्या माणसांच्या आठवणी ठेवायची वास्तू. स्टेजवर मोठे कलाकार आणि समोर प्रेक्षक असला हा प्रकार नाहीये. कार्यक्रम, चहा, संगीत, वर्कशॉप, दारू, सायकल दुरुस्ती, जे काही आहे ते तिथे राहणारे लोकच करतात आणि फुकट करतात. म्हणूनच माझं म्हणणं असं की तिथे बघायला जाऊ नका, कुठल्यातरी कॅम्पचे होऊन जा, निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

१. आधी कॅम्प, तिकीट नंतर

दोन पर्याय आहेत. एक म्हणजे ओपन कॅम्पिंग, शहराच्या बाहेरच्या रस्त्यांवर मोकळी जागा दिसेल तिथे तंबू ठोकायचा, सगळं आपलं आपण. दुसरा म्हणजे थीम कॅम्पमध्ये सामील व्हायचं. थीम कॅम्प म्हणजे गणपती मंडळ समजा, वर्गणी आहे, मांडव आहे, कामाच्या पाळ्या आहेत, थोडी भांडणं आहेत आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना रडू येतं. प्रत्येक कॅम्पने शहराला काहीतरी द्यायचं असतं, कुणी पॅनकेक देतं, कुणी पाय धुऊन देतं, कुणी पहाटे योग घेतं, कुणी नुसती सावली आणि गाद्या टाकून ठेवतं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने थीम कॅम्पच बघावा असं माझं ठाम मत आहे, कारण मोठा मांडव, किचन, पाण्याच्या टाक्या, वीज हे एकट्याने उभं करायला खूप खर्च आणि अक्कल लागते आणि कॅम्पमध्ये ती वर्षानुवर्षं जमलेली असते.

शोधायला फेब्रुवारी-मार्चपासून सुरुवात करा. बे एरियात, सिअॅटलला, न्यू यॉर्कला, जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात बर्नर लोकांच्या, म्हणजे बर्निंग मॅनला जाणाऱ्यांच्या, भेटीगाठी वर्षभर चालू असतात, तिथे जाऊन लोकांशी बोला, एखाद्या कॅम्पच्या सामान लावायच्या दिवशी हात लावायला जा. तुम्ही काय करू शकता ते सरळ सांगा, सुतारकाम, इलेक्ट्रिकचं काम, चाळीस माणसांचा स्वयंपाक, फर्स्ट एड, ट्रक चालवणं, या माणसांना कुठलाच कॅम्प नाही म्हणत नाही. यातलं काहीच येत नसेल तर 'मी भांडी घासीन' म्हणा आणि खरंच घासा.

हो म्हणायच्या आधी हे प्रश्न नक्की विचारा:
- वर्गणी किती आणि त्यात काय काय येतं? जेवण, पिण्याचं पाणी, शॉवर, वीज, सांडपाणी यातलं प्रत्येक वेगळं विचारा.
- किती शिफ्ट, कधी कधी?
- उभारणीला आणि आवरायला किती दिवस थांबायचं? आवरायला न थांबणाऱ्याला बरेच कॅम्प पुढच्या वर्षी घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.
- तुमचं सामान त्यांच्या ट्रकमध्ये जाईल का?
- कॅम्पमध्ये कुणी त्रास दिला तर बोलायचं कुणाशी? याचं उत्तर पटकन आणि स्पष्ट मिळालं पाहिजे, मुलींनी तर हे विचारल्याशिवाय पैसे भरूच नका.

सापळा: काही जण हजारो डॉलर घेऊन सगळं तयार देतात, एसी तंबू, आचारी, सजवलेली सायकल, तुम्ही फक्त या. आयोजकांचा स्वतःचाच याला विरोध आहे आणि मलाही हे पटत नाही, कारण तिथे जाऊनही तुम्ही पाहुणेच राहता आणि शेजारच्या कॅम्पमध्ये कोण राहतं हेसुद्धा कळत नाही.

२. तिकीट आणि गाडीचा पास

सर्वात आधी बर्नर प्रोफाईल, म्हणजे बर्निंग मॅनच्या वेबसाइटवर आपलं खातं, तयार करा, त्याशिवाय कुठल्याच सेलमध्ये भाग घेता येत नाही. बऱ्याच सेलसाठी वेगळी नोंदणी असते आणि ती काही दिवसच उघडी असते, ती चुकली की तो सेल गेला, म्हणून तारखा कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. २०२४ साली मुख्य सेलचं तिकीट ५७५ डॉलर आणि गाडीचा पास १५० डॉलर होता, वर टॅक्स आणि फी वेगळी. किमती दरवर्षी बदलतात त्यामुळे त्या वर्षीचा आकडा बघून घ्या. कमी उत्पन्न असलेल्यांसाठी स्वस्त तिकिटांचा वेगळा कार्यक्रम आहे, विद्यार्थ्यांनी तिथे जरूर अर्ज करावा.

जुन्या आणि नीट वागणाऱ्या कॅम्पना आपल्या माणसांसाठी ठरावीक तिकिटं राखून मिळतात, त्याला स्टुअर्ड सेल म्हणतात. कॅम्प आधी शोधा म्हणते त्याचं हे अजून एक कारण.

जास्तीची तिकिटं विकायला स्टेप नावाची अधिकृत सोय आहे, ठरल्या किमतीलाच तिथे व्यवहार होतो. फेसबुकवर अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका, दरवर्षी लोक फसतात. आणि एक, तिकीट माणसाचं, पास गाडीचा. एका गाडीत चौघं असाल तर चार तिकिटं आणि एक पास. पास नसेल तर गाडी आत जात नाही, विषय संपला.

३. कागदपत्रं

- पासपोर्ट किंवा अमेरिकेतलं लायसन्स, मूळ प्रत. तिथल्या बारमध्ये दारू फुकट असली तरी २१ वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा मागतातच.
- तिकीट आणि गाडीचा पास. विल कॉलवर, म्हणजे गेटजवळच्या खिडकीवर, घेणार असाल तर ज्या नावाने घेतलंय त्याच नावाचं ओळखपत्र.
- भारतातून येणाऱ्यांना व्हिजिटर व्हिसा लागेल. मुंबईत बीकेसीला मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी महिनोन्महिने जातात, त्यामुळे तिकिटाचा विचार करायच्या आधी तो अर्ज.
- ट्रॅव्हल इन्शुरन्स, औषधांची चिठ्ठी, कॅम्प लीडचं नाव आणि कॅम्पचा पत्ता कागदावर लिहिलेला.
- आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) भाड्याने घेणार असाल तर कराराची प्रत. बऱ्याच कंपन्या बर्निंग मॅनला गाडी न्यायला परवानगीच देत नाहीत, काही देतात पण धुळीच्या सफाईचे भरपूर पैसे लावतात. हे सही करायच्या आधी वाचा.

व्हिसावर असणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. नेवाडा राज्यात गांजा कायदेशीर आहे पण ब्लॅक रॉक वाळवंट ही केंद्र सरकारची जमीन आहे, तिथे तो बेकायदेशीरच, आणि पोलीस साध्या कपड्यातही फिरत असतात. एच-वन, एफ-वन किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या माणसाला अशा केसचा त्रास नागरिकापेक्षा कितीतरी जास्त होऊ शकतो. मित्र म्हणतील इथे सगळं चालतं. तुमचं स्टेटस त्यांचं नाहीये, तेव्हा सरळ नाही म्हणा, तिथे नाही म्हटल्याचा कुणी राग धरत नाही.

४. पाणी, जेवण आणि काय न्यायचं

तिथे विकत फक्त बर्फ मिळतो असं धरून चाला. दुकान नाही, हॉटेल नाही.

पाणी माणशी दिवसाला दीड गॅलन, म्हणजे साधारण पावणेसहा लिटर, त्यात पिणं, स्वयंपाक आणि अंग पुसणं सगळं आलं. दिवसा ३८ अंशांच्या पुढे जाऊ शकतं, उंची जवळजवळ १२०० मीटर आणि हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, म्हणून तहान लागायची वाट न बघता पीत राहा. नुसतं पाणी पुरत नाही, मीठही हवं. इलेक्ट्रोलाइटच्या पुड्या न्याच, पण माझा अनुभव असा की लिंबू-मीठ-साखर नाहीतर कोकम सरबत जास्त जातं, आणि आगळाची एक बाटली नेली तर अख्ख्या कॅम्पला पाजता येतं.

कॅम्पचं जेवण असलं तरी आपला खाऊ हवाच, उन्हाने भूक मरते तेव्हा ओळखीची चव पोटात जाते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, मेतकूट, डिंकाचे किंवा बेसनाचे लाडू, हे सगळं न तापवता खाता येतं, टिकतं आणि कचरा करत नाही. घरीच सगळी पाकिटं फोडून डब्यात भरा म्हणजे रॅपर तिथपर्यंत जाणारच नाहीत. पिस्ते, सालासकट शेंगा असलं काही नको.

बाकी सामान:
- एन-९५ मास्क बरेच, दोन गॉगल, एक दिवसासाठी काळा आणि एक रात्रीसाठी पारदर्शक
- सायकल, जाड टायरची, साधी, कुलूप आणि पुढे-मागे दिवे असलेली
- अंगावर लावायचे दिवे. रात्री प्लायावर, म्हणजे वाळवंटाच्या सपाट जमिनीवर, मिट्ट काळोख असतो आणि सायकली, आर्ट कार (सजवलेल्या गाड्या) सगळीकडून येत असतात, बिनदिव्याचा माणूस खरंच दिसत नाही
- हेडलॅम्प, आणि सोबत जास्तीचे सेल
- रात्रीसाठी जाड जॅकेट आणि कानटोपी, पारा दहाच्या खाली उतरतो
- व्हिनेगर, खोबरेल तेल, डोळ्यात घालायचं सलाईन, आणि ज्यांना सवय आहे त्यांनी नेतीपात्र
- एक पदर असलेला टॉयलेट पेपर, दुसरा कुठलाही नको. पोर्टा पॉटीत (तात्पुरत्या संडासात) पोटातून आलेलं आणि हा पेपर सोडून काहीही टाकायचं नाही, ओले वाइप्स तर मुळीच नाही
- स्वतःचा कप. हा कमरेला बांधूनच फिरा, कारण फुकट चहा-सरबत देणारे पेले देत नाहीत

काय न्यायचं नाही: पिसं असलेले कपडे, ग्लिटर, सुटणाऱ्या टिकल्या, फटाके, शस्त्रं, हातातले लेझर, कुत्रा-मांजर, झाडंझुडपं. काचेच्या बाटल्या टाळा.

५. तंबू: वाऱ्याशी गाठ आहे

मध्येच एखादं वादळ येतं आणि समोरचं दिसेनासं होतं, याला व्हाइटआउट म्हणतात. २०२५ साली गेट उघडायच्या सुमारालाच असा वारा सुटला की कितीतरी कॅम्पचे मांडव आडवे झाले.

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्यांचा तिथे उपयोग नाही. लोक फूटभर किंवा त्याहून लांब लॅग स्क्रू वापरतात, जाड लाकडी स्क्रूसारखे, आणि बॅटरीवरच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने जमिनीत घालतात. पृष्ठभाग कडक असतो, पहिले दोन-तीन इंच स्क्रू कुरकुरत जातो, मग एकदम पकड बसते आणि ड्रायव्हरचा आवाज जड होतो, तो आवाज आला की समजायचं हा आता हलत नाही. स्क्रूवर साखळीची एक कडी आणि वॉशर, त्याच कडीतून दोर. परत काढताना ड्रायव्हर उलटा फिरवायचा, जमिनीत काही राहत नाही. लोखंडी सळई ठोकणार असाल तर वरच्या टोकावर टेनिस बॉल किंवा टोपी बसवा, रात्री त्यावर पाय फाटतात.

तंबूच्या जाळीच्या खिडक्यांमधून धूळ सरळ आत येते त्यामुळे त्या कापडाने आतून बंद करता येतील असा तंबू बघा. तंबूवर वेगळी सावली हवीच, नाहीतर सकाळी आठनंतर आत झोपणं अशक्य. आणि घराच्या अंगणात किंवा पार्कमध्ये एकदा तंबू लावून बघा, तिथे वाऱ्यात माहितीपत्रक वाचत उभं राहायची वेळ येऊ देऊ नका.

पावसाचंही सांगते. २०२३ ला शेवटच्या शुक्रवारपासून पाऊस लागला आणि ती बारीक माती सिमेंटसारखी चिकट झाली, सायकलचं चाक फिरेना, गाड्या चालवायला बंदी, गेट बंद. मॅन शनिवारऐवजी सोमवारी आणि टेंपल मंगळवारी जळलं. तेव्हा ठरल्यापेक्षा दोन-तीन दिवसांचं जास्त पाणी आणि कोरडं खाणं ठेवा, आणि सोमवारचं विमान किंवा मंगळवारची ऑफिसची मीटिंग अशी गाठ मारून येऊ नका.

६. जायचा रस्ता

बे एरियाहून रीनो, तिथून पुढे वॉड्सवर्थला हायवे सोडून ४४७ नंबरचा दोन पदरी रस्ता, निक्सन, एम्पायर, गरलॅक आणि मग वाळवंट. रीनो किंवा फर्नलीतच पेट्रोल, पाणी, राहिलेली खरेदी सगळं उरका.

निक्सन आणि वॉड्सवर्थ ही पिरॅमिड लेक पायूट आदिवासींची गावं आहेत. वस्तीत वेगमर्यादा एकदम खाली येते, ती पाळा, दंड होतो म्हणून तर आहेच पण लोकांच्या दारातून आपण हजारो गाड्या नेतोय म्हणूनही. रस्त्याकडेला त्यांचे खाण्याचे स्टॉल असतात तिथे थांबा, तेवढाच आपला हातभार.

गेटवर कित्येक तास लागू शकतात. रेडिओ ९५.१ एफएमवर लावून ठेवा, रांगेची आणि हवामानाची माहिती येते. गाडीची झडती होते, लपवून माणसं नेतात का बघतात, चिडू नका. पुढे ग्रीटर भेटतात, पहिल्यांदा आलात म्हटलं की गाडीतून उतरवून धुळीत लोळायला लावतात आणि घंटा वाजवायला देतात. मनापासून लोळा, नाहीतरी ती धूळ आता आठवडाभर अंगावर असणारच आहे.

गाडी नको असेल तर सॅन फ्रान्सिस्को आणि रीनोहून अधिकृत बस आहे, बर्नर एक्सप्रेस. गाडीचा पास लागत नाही आणि रांगही टळते, पण सामान मोजकंच नेता येतं, म्हणजे कॅम्पच्या ट्रकची ओळख पुन्हा कामाला येते.

७. शहरात पत्ता कसा शोधायचा

घड्याळाची मोठी तबकडी डोळ्यापुढे आणा. मधोमध मॅन. २ वाजल्यापासून १० वाजेपर्यंत आरे निघतात आणि त्यांना छेदणारे गोल रस्ते, सर्वात आतला एस्प्लनेड, मग ए, बी, सी असे बाहेर. म्हणजे तुमचा पत्ता '७:३० आणि ई' असा असतो. ६ वाजता सेंटर कॅम्प. १० ते २ चा भाग मोकळा, तिकडे १२ च्या दिशेला टेंपल आणि त्याच्याही पलीकडे डीप प्लाया, कचरा अडवणाऱ्या जाळीच्या कुंपणापर्यंत. फोनला रेंज जवळपास नसतेच, ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि कॅम्पवाल्यांशी भेटायची वेळ-जागा तोंडी ठरवा.

खाकी कपड्यातले रेंजर्स दिसतील, ते पोलीस नाहीत, बर्नरच असतात, कुणी हरवलं, भांडण झालं, कुणी त्रास दिला की त्यांना गाठा. दवाखान्याची सोयही शहरात आहे, चक्कर, उलट्या, लघवी थांबणं अशी लक्षणं दिसली तर लगेच जा, उन्हाचा त्रास अंगावर काढू नका.

८. आत कसं वागायचं

लॅरी हार्वी यांनी २००४ मध्ये दहा तत्त्वं लिहून काढली, ती जायच्या आधी वाचाच. त्यातलं देण्याचं तत्त्व आपल्या लोकांना पटकन कळत नाही. तिथे अदलाबदल नाही. कुणी सरबत दिलं तर बदल्यात काही द्यायचं नसतं, प्यायचं, थँक्यू म्हणायचं, गप्पा मारायच्या. आणि तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही कुणालाही काहीही द्या. त्यासाठी बॅगभर किचेन आणि स्टिकर न्यायची गरज नाही, ते शेवटी जमिनीवर पडतात. दुपारी तीन वाजता उन्हात सायकल ढकलणाऱ्याच्या मानेवर गार पाण्याचा फवारा मारला तरी तो माणूस तुम्हाला विसरत नाही. आमच्या कॅम्पमध्ये आलं-वेलदोड्याचा चहा असतो, पहाटे थंडीत लोक तासभर बसून राहतात. फक्त कॅम्पतर्फे बाहेरच्यांना खायला द्यायचं असेल तर नेवाडाच्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो, तो कॅम्प लीडने आधीच काढायचा असतो.

कुणालाही हात लावण्याआधी, मिठी मारण्याआधी, फोटो काढण्याआधी विचारा. कमी कपड्यात किंवा बिनकपड्यात माणसं दिसतील, टक लावून बघू नका आणि फोन तर काढूच नका.

कलाकृती बघायला दोन वेळा ठेवा, पहाट आणि रात्र. दिवसा नुसता लाकडी सांगाडा वाटणारी गोष्ट रात्री दिव्यात पूर्ण वेगळी असते. बऱ्याच कलाकृतींवर चढता येतं, आत शिरता येतं, पण आधी आजूबाजूचे काय करतायत ते बघा. बनवणारे कलाकार बहुतेक वेळा तिथेच कुठेतरी असतात, त्यांना विचारा कसं केलं, फार आनंदाने सांगतात.

टेंपलमध्ये मात्र आवाज खाली ठेवा. २००० साली डेव्हिड बेस्ट या कलाकाराने पहिलं टेंपल बांधलं आणि तेव्हापासून लोक तिथे गेलेल्या माणसांची नावं, पत्रं, फोटो ठेवतात. भिंतीचा कोपरान् कोपरा लिहिलेला असतो, पेनाने, कोळशाने, कुणी नखाने कोरलेलं. देवनागरीतली नावंही दिसतात. तुम्हाला कुणाचं नाव लिहायचं असेल तर मार्कर घेऊन जा आणि रविवारच्या आत लिहा.

गणपतीचं बरेच जण विचारतात कारण तारखा एकमेकांवर येतात, २०२५ ला तर चतुर्थी २७ ऑगस्टला, अगदी मधल्या बुधवारी होती. कॅम्पमध्ये बसवता येतो. वीतभर मूर्ती पुरे, हार-फुलं-दूर्वा नको कारण वाळून उडतात, नैवेद्याला लाडू, आरती मात्र जोरात, शेजारचे कॅम्प टाळ्या वाजवायला येतात. विसर्जन तिथे करता येत नाही कारण जमिनीवर पाणी ओतायला बंदी आहे. मूर्ती नीट गुंडाळून घरी आणायची आणि बादलीत.

९. पाय, त्वचा, सांडपाणी

प्लायाची धूळ अल्कधर्मी असते, अनवाणी फिरलात की दोन दिवसांत टाचा फुटून रक्त येतं. बंद बूट आणि मोजे. रात्री झोपताना पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पाय पुसा, कोरडे करा, खोबरेल तेल लावा, धुतलेले मोजे घाला. एवढं रोज केलं की पाय टिकतात.

अंघोळीचं, भांड्यांचं पाणी जमिनीवर सांडायचं नाही. उथळ ट्रेमध्ये वाळवा किंवा कॅनमध्ये भरून परत न्या. भांडी आधी पुसून मग घासली तर पाणी निम्मं लागतं.

१०. आवरणं, मूप आणि परत निघणं

मूप म्हणजे जमिनीवर मूळची नसलेली कुठलीही वस्तू. केस, धागा, टिकली, कांद्याचं साल, लाकडाचा भुसा, सगळं मूप. शहरात एकही कचरापेटी नाही, आपला कचरा आपल्याबरोबर घरी. आयोजकांची माणसं नंतर कित्येक आठवडे अख्खं वाळवंट पायाखालून घालतात आणि कुठल्या कॅम्पने किती घाण ठेवली याचा नकाशा हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात जाहीर होतो. लाल झालेल्या कॅम्पला पुढच्या वर्षी जागा मिळवताना त्रास होतो.

म्हणून शेवटच्या सकाळी सगळा कॅम्प एका ओळीत उभा राहतो, हाताच्या अंतरावर, आणि खाली बघत हळूहळू पुढे सरकतो. पाचेक पावलांवर कुणीतरी वाकतं, झिप टायचा कापलेला तुकडा, पुढे एक तांदळाचा दाणा. मॅग्नेट लावलेली काठी फिरवली की धुळीतून बारीक स्क्रू टकटक वर येतात. मांडवाच्या खांबांभोवती आणि किचनच्या जागेवर माती उकरून बघायची, सगळ्यात जास्त तिथेच दडलेलं असतं. अंग मोडलेलं असतं, ऊन चढत असतं, तरी हे काम टाळून निघून जाऊ नका, माझ्या सगळ्यात घट्ट मैत्री याच ओळीत झाल्या आहेत.

सायकल तिथे टाकून येणं हा सर्वात वाईट प्रकार, आयोजकांची माणसं मागे राहून तुमची गंजलेली सायकल उचलतात.

परतीच्या रांगेत आठ-दहा तास लागू शकतात, लेबर डेच्या दुपारी सर्वात जास्त. पहाटे निघा किंवा सरळ मंगळवारी. रात्रभर जागलेल्या माणसाने गाडी हातात घेऊ नये, ४४७ वर अपघात होतात. टाकीत पेट्रोल, हाताशी पाणी आणि लाडू ठेवा. छपरावरचा कचरा घट्ट बांधा, रस्त्यात सुटून पडलेल्या पिशव्या गावकऱ्यांना उचलाव्या लागतात. वाटेत पैसे घेऊन कचरा घेणारी ठिकाणं असतात तिथे द्या, रीनोच्या दुकानांमागच्या डब्यांत चोरून टाकू नका.

११. घरी आल्यावर

तंबू, बूट, सायकलची चेन व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, नुसत्या पाण्याने पांढरा थर जात नाही. गाडीचे एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर दोन्ही बदला. मेकॅनिकला आधी सांगा कुठे नेली होती, म्हणजे तो रेडिएटर आणि ब्रेकपण साफ करेल. कॅम्पचा हिशोब आठवड्याभरात मिटवा, आणि ट्रकमधलं सामान गोडाऊनला उतरवायचा जो शनिवार ठरेल त्याला जा. पुढच्या वर्षी कोणाला घ्यायचं हे बऱ्याच कॅम्पमध्ये त्याच दिवशी ठरतं.